संत क्लेमेंट चर्च, लेव्ही ह्रादेत्स

चेक प्रजासत्ताकात प्रागच्या उत्तरेस, व्ल्तावा नदीकाठच्या उंच कड्यावरील प्राचीन चर्च. बोहेमियातील हे पहिले ख्रिस्ती चर्च मानले जाते. नवव्या शतकात या टेकडीवर तटबंदी असलेली वसाहत होती आणि प्शेमिस्ल घराण्यातील ड्यूक बोर्झिवोय तेथून राज्य करी. मोरेव्हियाचा राजा स्व्हातोप्लुक याच्या दरबारी, सु. ८८३ मध्ये, धर्मप्रसारक मेथोडियसने बोर्झिवोयला बाप्तिस्मा दिला. परतल्यावर त्याने हे चर्च बांधून काइख या धर्मगुरूची नेमणूक केली, असे क्रिस्तियानच्या लॅटिन आख्यायिकेत सांगितले आहे. चर्चला संत क्लेमेंटचे नाव दिले जाणे साहजिकच होते, कारण त्या संताचे अवशेष क्रिमियातून रोमला नेण्याचे श्रेय मेथोडियस आणि त्याचा भाऊ सिरिल यांनाच दिले जाते. जुन्या धर्माच्या लोकांनी लवकरच उठाव केला, बोर्झिवोयला पळावे लागले; परतल्यानंतर त्याने प्राग येथे कुमारी मेरीचे चर्च उभारले आणि सत्तेचे केंद्र हळूहळू तिकडे सरकले.

तरीही या जागेचा मान टिकला. ९८२ मध्ये वोय्तेख (संत अ‍ॅडलबर्ट) याची प्रागचा बिशप म्हणून निवड येथेच झाली. आज दिसणारी वास्तू नंतरच्या काळातील असून तिच्यात गॉथिक भित्तिचित्रे आहेत. विसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ इव्हान बोर्कोव्स्की यांना उत्खननात जमिनीखाली वर्तुळाकार चर्चचा पाया सापडला. तो बोर्झिवोयच्याच काळचा की पुढचा, याविषयी मतभेद आहेत. मात्र लिखित परंपरेला भौतिक आधार देणारा हा शोध फार मोलाचा आहे.