पौरुषाची उणीव आणि तिचे मोजमाप

अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागात, नरनाळ्याच्या डोंगराकडे सरकत गेलेला अकोट तालुका कापसाबद्दल सर्वश्रुत आहे. त्याच्या पानमळ्यांत पिकणारी पानपिंपरी, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील पिप्पली, हे त्या मानाने कमी चर्चिले गेलेले पीक होय. पुरुषसंप्रेरकाच्या इतिहासाशी तिचा संबंध जोडणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात क्षीण पुरुषासाठी जे वाजीकरण योग दिले आहेत, त्यांत पिप्पली व लवण यांसह तुपादुधात शिजविलेले बोकडाचे वृषण भक्षण करण्याचा एक योग आहे. वृषणात पौरुषाचे काही द्रव्य असावे हा तर्क त्यात स्पष्ट दिसतो. तो तर्क खरा होता. उपाय मात्र निष्फळ होता. असे का व्हावे, हा या इतिहासातील पहिला प्रश्न आहे.

तर्काचा आधार शोधण्यास ग्रंथांकडे जाण्याचीही गरज नाही. वऱ्हाडातील काळ्या जमिनीची मशागत ज्या बैलांनी केली, ते सर्व खच्ची केलेले होते. गोऱ्हा लवकर खच्ची केला तर त्याची मान व वशिंड वळूसारखे भरत नाही आणि तो स्वभावाने नरम राहतो. उशीर केला तर वळूचे काही गुण त्याच्या अंगात कायम राहतात. ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी शिकविली नव्हती. एका अवयवाचा अंमल दूरच्या अवयवांवर आणि स्वभावावरही चालतो, ही अंतःस्रावशास्त्राची मूळ कल्पना गोठ्यात रोज डोळ्यांपुढे होती. अंमल कोणत्या मार्गाने चालतो, एवढेच काय ते ठाऊक नव्हते. 1849 मध्ये ग्योटिंगेन येथे बेर्टहोल्ड याने कोंबड्यांचे वृषण काढून ते त्यांच्याच उदरात अन्यत्र बसविले. मज्जातंतू तुटले असूनही तुरा व आरव कायम राहिले. तेव्हा हा मार्ग रक्ताचा होय, हे सिद्ध झाले. त्याच्या निबंधाकडे पुढे कित्येक वर्षे कोणी लक्ष दिले नाही.

लक्ष वेधले ते ब्राऊन-सेकार याने. 1889 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी, कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून आपणांस तारुण्याचा अनुभव आल्याचे त्याने पॅरिसमध्ये जाहीर केले. अर्क पाण्यातला होता आणि हे संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे त्याला आलेला अनुभव हा बहुतांशी अपेक्षेचा परिणाम असला पाहिजे. त्यानंतर 1920 च्या दशकात व्होरोनॉफची माकडाच्या वृषणाची कलमे आणि श्टाइनाखची शुक्रवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया यांनी धनिक वृद्धांना भुरळ घातली. त्या प्रकरणावर येथे थांबण्याचे प्रयोजन नाही.

खरा उलगडा रसायनशास्त्रज्ञांनी केला, आणि त्यातील आकडे सुश्रुताच्या योगासंबंधी बरेच काही सांगून जातात. 1931 मध्ये बुटेनांट याला सुमारे 15,000 लिटर मूत्रातून अवघे 15 मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळाले. 1935 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे लाक्यूर व त्याचे सहकारी यांनी बैलांच्या, म्हणजे अर्थातच वळूंच्या, सुमारे 100 किलोग्रॅम वृषणांतून 10 मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य मिळविले व त्यास टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. निरोगी पुरुषाच्या देहात हे द्रव्य दररोज सुमारे 5 ते 7 मिलिग्रॅम तयार होते. अर्क काढताना काही अंश वाया गेला असणार हे धरूनही, एका दिवसाची गरज वृषण खाऊन भागवावयाची तर मणाच्या हिशेबाने खावे लागेल! कारण वृषण हे या द्रव्याचे कोठार नव्हे. तेथे ते तयार होते आणि लगेच रक्तात जाते. शिवाय पोटात गेलेले टेस्टोस्टेरॉन यकृत बहुतांशी नष्ट करते. त्याच वर्षी बुटेनांट व रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून कृत्रिम रीतीने बनविले, तेव्हा वृषणांची गरजच उरली नाही. या दोघांना 1939 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बुटेनांटला मात्र नाझी सरकारने ते घेऊ दिले नाही.

औषध हाती आले, पण ते द्यावयाचे कोणाला? माझ्या मते या इतिहासाचा खरा मर्मबिंदू येथे आहे. चरकाने क्लैब्याचे चार प्रकार मानले आहेत : बीजाचा उपघात, ध्वजाचा उपघात, जरा आणि शुक्रक्षय. कारणे निरनिराळी आहेत हे त्याने ओळखले होते. ती वेगळी काढण्याचे साधन मात्र रुग्णाच्या सांगण्यापलीकडे फारसे नव्हते. विसाव्या शतकातही प्रारंभी तीच स्थिती होती. 1944 मध्ये हेलर व मायर्स या अमेरिकन डॉक्टरांनी प्रथम नीट वाट दाखविली. वृषण निकामी झाले की पोषग्रंथी आपला हुकूम वाढविते. तो वाढलेला हुकूम मूत्रात तपासता येतो. ज्यांच्यात तो वाढलेला आढळला त्यांना टेस्टोस्टेरॉनने गुण आला. ज्यांचे दौर्बल्य मानसिक होते त्यांना आला नाही. ही तपासणी अपक्व उंदरांवर करावी लागे, त्यामुळे ती सामान्य दवाखान्याच्या आटोक्यात नव्हती. यालो व बर्सन यांच्या किरणोत्सर्गी मापनपद्धतीवरून 1970 च्या सुमारास रक्तातील टेस्टोस्टेरॉन मोजणे सुलभ झाले. म्हणजे औषध मापनाच्या पस्तीस वर्षे आधी आले, आणि औषधाची मागणी त्याच्याही दोन हजार वर्षे आधीची!

या अंतरात भोंदूगिरीस जे रान मोकळे मिळाले, त्याचा प्रत्यय महाराष्ट्रानेही घेतला. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हस्तमैथुनाविषयीच्या निराधार भीतीचे खंडन केले. शक्तिवर्धक औषधांचा धंदा मुख्यतः याच भीतीवर उभा होता. 1954 मध्ये आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा झाला व कामशक्ती वाढविण्याच्या औषधांच्या जाहिरातीस मनाई झाली. अकोट तेव्हा मध्यप्रदेशात होते. ते मुंबई राज्यात 1956 मध्ये आणि महाराष्ट्रात 1960 मध्ये आले. प्रांत बदलले, भिंतींवरील जाहिराती मात्र बदलल्या नाहीत, असे म्हणावयास हरकत नाही.

आजचा शास्त्रीय दंडक असा की, लक्षणे असली आणि निरनिराळ्या दोन दिवशी सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात प्रमाण निश्चितपणे कमी आढळले, तरच हे औषध द्यावे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील ट्रॅव्हर्स चाचणीत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात यांचे प्रमाण त्याने वाढलेले दिसले नाही. परंतु हृदयाच्या अनियमित स्पंदनाचे व फुप्फुसातील रक्तगुठळ्यांचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. जन्मतः क्लाइनफेल्टर विकार असलेल्या किंवा पोषग्रंथी बिघडलेल्या पुरुषास हे औषध खरोखरच नवे जीवन देते, आणि लाजेमुळे तपासणीच न झालेले असे पुरुष खेड्यापाड्यांत आहेत. उलट उणीव नसता ते घेणाऱ्या तरुणाची गोष्ट निराळी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन येऊ लागले की पोषग्रंथी आपला हुकूम थांबविते. वृषण आकसतात व शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, कित्येकांत अजिबात बंद पडते. पौरुष वाढवावे म्हणून घेतलेले औषध संततीच्या बाबतीत पुरुषाला काही काळ खच्ची केलेल्या बैलाच्या पंक्तीस बसविते, हे शेतकऱ्याच्या घरात लगेच समजण्यासारखे आहे. औषध थांबविल्यावर निर्मिती बहुधा पूर्ववत होते, पण त्यास कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक. म्हणून पोषग्रंथीच्या बिघाडाने उणीव उत्पन्न झालेला रुग्ण संततीची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा त्यास टेस्टोस्टेरॉन न देता पोषग्रंथीच्या हुकुमाचे काम करणारी संप्रेरके टोचतात. त्यांपैकी एक दीर्घकाळ गरोदर स्त्रियांच्या मूत्रातून काढले जात असे.