गोटी गोल कशी झाली?

शाळेत जप्त झालेल्या गोट्यांचा एखादा डबा बहुतेक मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो. त्यातली एक काचेची गोटी वर्गात हातोहात फिरवावी आणि मुलांना विचारावे, ‘ही इतकी गोल कशी झाली असेल?’ बहुतेक मुले सांगतात, ‘साच्यात ओतून.’ उत्तर चटकन पटण्यासारखे आहे, पण गोटीच ते खोडून काढते. दोन भागांच्या साच्यात घडलेल्या वस्तूवर ते दोन भाग जिथे जुळतात तिथे बारीक कंगोरा उरतो. प्लॅस्टिकच्या स्वस्त चेंडूवर तो नखाला लागतो. गोटीभोवती असा कंगोरा सापडत नाही.

गोटी गोल होते ती फिरवल्यामुळे. मात्र तिला एकाच दिशेने फिरवून भागत नाही, सर्व दिशांनी फिरवावे लागते. ही युक्ती माणसाच्या हाताला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. यंत्रांना ती शिकवायला मात्र कित्येक शतके लागली. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू.

नदीचे गोटे

‘गोटी’ हे ‘गोटा’ या शब्दाचे लहान रूप. गोटा म्हणजे नदीतला वाटोळा दगड. गारगोटी हा शब्दही त्याच घरातला. तेव्हा नदीच गोट्या घडवत असेल असे वाटणे साहजिक आहे. नांदेडला गोदावरीच्या काठी किंवा लातूरकडे मांजरेच्या पात्रात सहल नेली, तर मुलांना पन्नास-शंभर गोटे वेचायला सांगावे आणि ते एका उतरत्या फळीवरून सोडून पाहावे. बहुतेक गोटे वाकडेतिकडे जातात किंवा वाटेतच आडवे होतात. सरळ घरंगळणारा एखादाच.

याचे कारण सोपे आहे. प्रवाहात दगड एकमेकांवर आपटतात. कोपरे पुढे आलेले असल्यामुळे ते आधी झिजतात आणि दगड गुळगुळीत होतो. परंतु मुळात चपटा असलेला दगड बहुधा चपटाच घसरत राहतो. त्याला उभा करून फिरवणारे कोणी नसते. गुळगुळीत होणे वेगळे आणि गोल होणे वेगळे, हा फरक मुलांच्या लक्षात येणे महत्त्वाचे आहे.

गोट्या घडवण्याजोगा दगड मात्र आपल्या भागात भरपूर आहे. लातूर जिल्हा आणि देगलूर, बिलोली, किनवटकडचा ग्रॅनाइटचा पट्टा सोडला तर नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्यांच्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका साचत गेली आणि अकीक, गारगोटी यांसारखे कठीण दगड तयार झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठणहून असे दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्याच वाक्यात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर, या गावाहून जाणाऱ्या कापडाचा उल्लेख येतो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरला आयुष्यभर जमवलेल्या प्राचीन वस्तू आज तिथल्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहेत. लातूरच्या शाळांना एका दिवसात तिथे जाऊन येता येते.

अकीकाच्या मण्यांचे प्रसिद्ध केंद्र म्हणजे गुजरातमधले खंबायत. तेथील कारागीर घडवलेले मणी कातड्याच्या पिशवीत, दगडाच्या बारीक पुडीसह भरत आणि ती पिशवी दोन माणसे समोरासमोर बसून दिवसचे दिवस इकडून तिकडे लोटत. पुढे पिशवीची जागा विजेवर फिरणाऱ्या पिंपाने घेतली. नदीचेच काम इथे माणसाने हाती घेतले होते. मण्याला झळाळी येई, पण त्याचा आकार आधीच हाताने घासून ठरवावा लागे.

पहिले यंत्र : दोन तळहात

आता ओल्या मातीकडे वळू. घरी लाडू वळताना आई हात कसे फिरवते ते मुलांना आठवायला सांगावे. शेवया वळताना हात पुढे-मागे जातात, लाडू वळताना गोल गोल फिरतात. या दोन हालचालींत सगळे शास्त्र आहे.

वर्गात याचा प्रयोग करता येतो. चिकणमातीचा लिंबाएवढा ओबडधोबड गोळा एका पाटीवर ठेवावा आणि वर दुसरी पाटी हलकेच टेकवावी. वरची पाटी फक्त पुढे-मागे सरकवली, तर गोळा एकाच आसाभोवती फिरतो आणि त्याची वळकटी होते. तीच पाटी मोठी वर्तुळे काढत फिरवली, तर फिरण्याचा आस क्षणोक्षणी बदलतो. गोळ्याचा प्रत्येक भाग कधी ना कधी पाटीखाली येतो. जिथे उंचवटा असेल तिथे दाब जास्त पडतो आणि तो भाग दबतो. थोड्या वेळात गोळा गोल होतो. आपल्या काळ्या मातीला वाळताना भेगा पडतात, म्हणून तिच्यात थोडी राख किंवा चाळलेली वाळू मिसळावी.

सिंधू संस्कृतीच्या शहरांपासून महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांपर्यंत उत्खननांत दगडाचे आणि भाजलेल्या मातीचे लहान गोळे मिळाले आहेत. त्यांतले काही खेळायच्या गोट्या असतील, काही गोफणीचे गुंडे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्यालाही गोल गुंडाच हवा असतो, कारण वाकडा गुंडा नेमका जात नाही. खेळणे असो की हत्यार, मातीचा गोळा घडवणारे साधन एकच होते : दोन तळहात.

पाणचक्कीवरच्या गोट्या

माती मऊ असते. कठीण दगडाला तळहात पुरे पडत नाहीत. जर्मनीच्या दक्षिणेला, आल्प्स पर्वतात, या अडचणीवर जो तोडगा निघाला तो पाहण्यासारखा आहे. तिथल्या मार्क्टशेलेनबर्ग या गावाजवळ ओढ्यावर १६८३ सालची एक गोळ्यांची पाणचक्की आजही चालते. तिच्यात खालचे जाते वाळूच्या दगडाचे आणि स्थिर असते. त्यावर वर्तुळाकार खाचा असतात. खाचांत संगमरवराचे ओबडधोबड तुकडे ठेवतात. वरून लाकडाची तशाच खाचांची तबकडी येते आणि ती पाण्याच्या जोराने फिरते. तुकडे लोळत, उलटेपालटे होत घासले जातात आणि काही दिवसांनी गोल होऊन निघतात. जात्याची खालची आणि वरची तळी आठवली तर हे यंत्र मुलांना लगेच समजेल. फरक इतकाच की जात्यात दाण्याचे पीठ होते आणि इथे दगडाची गोटी होते. दोन तळहातांची जागा दोन तबकड्यांनी घेतली, एवढाच काय तो बदल.

हातात मावणारे यंत्र

काचेचा प्रश्न वेगळा होता. तापलेली काच मधासारखी ओघळते आणि काही क्षणांत कडक होते, म्हणजे दिवसचे दिवस घासत बसण्याची सोयच नाही. जर्मनीतल्याच लाउशा या काचकामाच्या गावी १८४० च्या दशकात एक साधे हत्यार निघाले. ते दिसायला चिमट्यासारखे होते. त्याच्या एका बाजूला लहानशी वाटी आणि दुसऱ्या बाजूला पाते असे. कारागीर रंगीत काचेच्या तापलेल्या कांडीचे टोक त्या वाटीत घालून कांडी फिरवत राही. टोक गोल झाले की चिमटा दाबून गोटी कापून घेई. गोट्या फिरवण्याचे हे यंत्र हातात मावणारे होते आणि त्याने काचेच्या गोट्या सामान्य मुलांच्या खिशात आणल्या.

पण त्यात एक उणीव होती. कांडी एकाच आसाभोवती फिरे. त्यामुळे त्या आसाच्या दोन्ही टोकांना, पृथ्वीच्या ध्रुवांसारखे, खरबरीत डाग राहत. जुन्या हातघडणीच्या गोट्या जाणकार आजही या दोन डागांवरून ओळखतात. पाटीच्या प्रयोगातली वळकटी इथे वेगळ्या वेषात दिसते.

सायकल आणि गोटी

पुढचे पाऊल पडले ते सायकलमुळे. सायकलचे चाक हलके फिरावे म्हणून आसाभोवती पोलादाचे छर्रे बसवतात. छर्रे सगळे सारखे आणि गोल नसतील तर मोठ्या छर्‍यांवरच सारा भार येतो आणि ते फुटतात. १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिश फिशर याने पोलादाचे छर्रे घासून गोल करणारे यंत्र बनवले. दोन तबकड्यांमध्ये अनेक छर्रे एकदम लोळवण्यात एक आयता फायदा असतो. मोठ्या छर्‍यावर दाब अधिक पडतो, म्हणून तो अधिक झिजतो आणि हळूहळू सगळे एका मापाचे होतात.

अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरी राहणारा मार्टिन ख्रिस्तेनसेन हा मूळचा डेन्मार्कचा कारागीरही पोलादाचे छर्रे बनवण्याच्या यंत्रावर काम करत होता. तीच बुद्धी त्याने काचेकडे वळवली आणि १९०५ साली गोट्यांच्या यंत्राचे पेटंट मिळवले. खाचा असलेल्या फिरत्या चाकांमध्ये वितळलेल्या काचेचा थेंब पडे आणि फिरत फिरत गोल होऊन थंड होई. त्याच शहरात सुरू झालेल्या ‘अ‍ॅक्रो अ‍ॅगेट’ या कंपनीने पुढे मळसूत्री खाचांच्या दोन लाटांचे यंत्र वापरले. एका टोकाला थेंब पडायचा आणि दुसऱ्या टोकाला गोटी निघायची. ‘अ‍ॅगेट’ म्हणजे अकीक. गोट्या काचेच्या झाल्या तरी नाव मात्र दगडाचेच राहिले.

या यंत्रातही ध्रुवांचे डाग राहत. १९२० च्या दशकात त्यावर उपाय सापडला. दोन लाटांच्या खाचा एकमेकींसमोर न ठेवता किंचित सरकवल्या. तेवढ्याने गोटीचा आस भरकटू लागला आणि डाग नाहीसे झाले. लाडू वळणाऱ्या हाताला जे आपोआप साधते, ते लोखंडाला शिकवायला इतकी वर्षे लागली.

गोल असण्याचा उपयोग आपल्याकडच्या गोटीसोड्यातही दिसतो. इंग्लंडच्या हायरम कॉड याने १८७० च्या दशकाच्या आरंभी ही बाटली काढली. आतला वायू गोटीला तोंडाजवळच्या रबरी कड्यावर दाबून धरतो. गोटी कोणत्याही अंगाने येऊन बसली तरी बूच घट्टच लागते, कारण ती सगळीकडून सारखी आहे.

गोटी आणि पृथ्वी

गोटी किती गोल आहे, हे मोजायचे कसे? अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतला स्क्रूगेज यासाठी पुरतो. एका गोटीचा व्यास दहा वेगवेगळ्या दिशांनी मोजावा आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापांतला फरक काढावा. मग पृथ्वी गोटीएवढी, म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाची झाली अशी कल्पना करावी. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर आणि एव्हरेस्टची उंची सुमारे ८.८५ किलोमीटर. या प्रमाणात एव्हरेस्ट भरेल जेमतेम ०.०११ मिलिमीटर. पृथ्वी विषुववृत्ताशी सुमारे ४३ किलोमीटरने फुगलेली आहे. गोटीवर तो फरक होईल ०.०५४ मिलिमीटर. डब्यातली गोटी पृथ्वीपेक्षा गोल आहे की नाही, हे मुलांनी स्वतः मोजून ठरवावे.

मोजताना एक गोष्ट सांगायला विसरू नये. सर्व बाजूंनी रुंदी सारखी भरली म्हणजे वस्तू गोल असतेच असे नाही. पुठ्ठ्यावर समभुज त्रिकोण काढावा. प्रत्येक शिरोबिंदूवर कंपासचे टोक ठेवून उरलेल्या दोन बिंदूंना जोडणारा कंस काढावा आणि तो फुगीर त्रिकोण कापून घ्यावा. त्याची रुंदी कुठूनही मोजली तरी सारखीच येते, पण तो वर्तुळ नाही.

माणसाने घडवलेल्या अतिशय गोल वस्तूंमध्ये चार गोट्या मोजल्या जातात. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची परीक्षा घेण्यासाठी २० एप्रिल २००४ रोजी ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ हा उपग्रह सोडण्यात आला. त्यात शुद्ध क्वार्ट्झचे, सुमारे ३८ मिलिमीटर व्यासाचे चार गोळे होते. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचीच जात. हे गोळे पेल्यासारख्या तोंडाच्या चार साधनांमध्ये धरून, दिशा सतत बदलत घासले होते. ही साधने समोरासमोर नव्हती, त्यामुळे फुगीर त्रिकोणाचा पेच तिथे उरत नव्हता. असा गोळा पृथ्वीएवढा केला तर त्यावरचा सर्वांत उंच डोंगर काही मीटरचाच भरेल. अवकाशात ते मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवले. फिरणारा भोवरा आपल्या आसाची दिशा सहजी सोडत नाही. त्यामुळे या गोळ्यांचे आस अगदी सूक्ष्म कोनातून वळले, तेव्हा पृथ्वीच्या वस्तुमानाने आणि फिरण्याने भोवतालचे अवकाश वाकते व ओढले जाते हे मोजता आले. त्याचे निष्कर्ष २०११ साली जाहीर झाले.

दुसरा गोळा सिलिकॉनचा, नेमका एक किलोग्रॅम वजनाचा. त्यातले अणू मोजून किलोग्रॅमची नवी व्याख्या पक्की करायला मदत झाली आणि ती २० मे २०१९ पासून जगभर लागू झाली. असे गोळे ऑस्ट्रेलियातल्या सिडनी येथे आखिम लाइस्टनर या काचकारागिराने घासून घडवले. शेवटच्या टप्प्यावर यंत्रापेक्षा त्यांच्या बोटांच्या स्पर्शावर शास्त्रज्ञांचा भरवसा होता. कुठे अजून घासायचे आणि कुठे थांबायचे, हे त्यांच्या हाताला कळत असे.