चालण्याचे पुनःशिक्षण व आधारसाधने

आजार, अपघात वा जन्मजात व्यंग यांमुळे बिघडलेली चालण्याची क्षमता व्यायाम व मार्गदर्शन यांच्या साहाय्याने सुधारण्याच्या भौतिकी चिकित्सेतील पद्धतीस चालण्याचे पुनःशिक्षण म्हणतात. काठी, कुबडी व चौकट (वॉकर) ही तिची प्रमुख आधारसाधने होत. साधने फार प्राचीन असली, तरी ती वापरून चालावयास शिकविण्याचे शास्त्र सुमारे सव्वाशे वर्षांचेच आहे.

प्राचीन ईजिप्तमधील रोमा नावाच्या द्वारपालाच्या स्मृतिशिलेवर (इ. स. पू. दुसरे सहस्रक) त्याचा एक पाय कृश दाखविला असून त्याच्याजवळ लांब काठी आहे. ही शिला कोपनहेगन येथील संग्रहालयात असून त्या व्यंगाचे कारण बालपक्षाघात (पोलिओ) असावे, असे मानतात. त्यानंतरही कित्येक शतके अपंगाच्या वाट्याला काठीपलीकडे फारसे काही आले नाही.

चालण्याच्या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. व्हिल्हेल्म व एडुआर्ट व्हेबर या जर्मन बंधूंनी १८३६ मध्ये मानवी चालीच्या यामिकीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे मारे व मायब्रिज यांनी छायाचित्रणाने चालीचे टप्पे टिपले. फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्क यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले की, नितंबाचे स्नायू दुर्बल असल्यास त्या पायावर उभे राहताना श्रोणी विरुद्ध बाजूस खाली झुकते.

उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे कार्य स्विस वैद्य हाइन्‍रिख फ्रेंकेल (१८६०–१९३१) यांचे होय. उपदंशामुळे पृष्ठरज्जूस इजा झालेल्या रुग्णांच्या पायांत शक्ती असते. पण पाय कोठे आहे याची जाणीव नष्ट झाल्याने ते अडखळतात. अशा रुग्णांना फ्रेंकेल यांनी १८९० च्या सुमारास जमिनीवरील खुणांकडे पाहत, अंक मोजत, सावकाश पावले टाकण्याचा सराव दिला. गमावलेली हालचाल सरावाने पुन्हा शिकता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक व बालपक्षाघाताच्या साथी यांमुळे या उपचारांचा प्रसार झाला.

रुग्ण प्रथम समांतर दांड्यांमध्ये उभा राहण्यास शिकतो व नंतर कुबड्यांकडे वळतो. कुबडीचा वरचा भाग काखेच्या सुमारे दोन-तीन बोटे खाली असावा आणि भार तळव्यांवर यावा. काखेवर भार दिल्यास तेथील तंत्रिका दबून हात लुळा पडू शकतो. जिना चढताना प्रथम चांगला पाय व उतरताना प्रथम दुखरा पाय टाकतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात. एका पायावर उभे राहताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. विरुद्ध हातातील काठीमुळे स्नायूंना कमी जोर लावावा लागून हा भार बराच घटतो. १९५६ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक वॉल्टर ब्लाउंट यांनी हे तत्त्व मांडून काठीविषयीच्या संकोचाने ती टाकून देऊ नये, असे आग्रहाने प्रतिपादिले.

भारतात मुंबई येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. जयपूर येथे प्रमोद करण सेठी (१९२७–२००८) व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० नंतरच्या दशकात अनवाणी चालता येईल व उकिडवे बसता येईल असा कृत्रिम पाय तयार केला. परदेशी पाय बुटाशिवाय निरुपयोगी ठरे आणि शेतकऱ्याच्या घरी तो पडून राही. साधन जीवनपद्धतीस अनुरूप हवे, हे यावरून स्पष्ट झाले.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शरीर पट्ट्यांनी तोलून सरकत्या पट्ट्यावर चालविण्याची यंत्रे प्रचारात आली. तथापि पक्षाघाताच्या ४०८ रुग्णांवरील २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत हे प्रशिक्षण भौतिकी चिकित्सकाच्या देखरेखीखाली घरी केलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाही. महागड्या यंत्रांची सोय नसलेल्या रुग्णालयांच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे.