नगराची स्वयंपाहणी : मिनियापोलिस येथील मानवी संबंध परिषद व न्याय्य नोकरी आयोग (१९४६–१९४८)

१. प्रास्ताविक

मानवी हक्कांचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाचे लक्ष साहजिकच जाहीरनामे, राज्यघटना आणि सर्वोच्च न्यायालयांचे निर्णय ह्यांकडे वळते. एखाद्या शहरातील काही नागरिक आपापला व्यवसाय सांभाळून, एक पैही वेतन न घेता, कोणत्या पेढीत कोणास कोणत्या कारणाने नोकरी नाकारली गेली ह्याची चौकशी करीत बसतात, ही गोष्ट त्या इतिहासात फार तर तळटीपेपुरती येते. परंतु हक्काचा उच्चार राजधानीत होत असला तरी त्याची कसोटी दुकानाच्या फळीवर, शाळेच्या दारात आणि घराच्या खरेदीखतात लागत असते. आणि ही स्थळे नगराच्या कक्षेतली होत. म्हणून नगरांनी नेमलेल्या अशा स्वयंसेवी आयोगांचे कार्य स्वतंत्रपणे तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस ह्या शहराचे उदाहरण घेतले आहे. ते निवडण्याचे कारण असे की, दंगलीचा धक्का बसलेला नसतानाही ह्या शहराने आपल्या दोषांची मोजदाद करण्याचे काम स्वतःच्या नागरिकांकडे सोपविले. त्या मोजदादीने काय साधले, आणि तेवढ्याने काय साधू शकले नाही, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

२. पूर्वपीठिका

अमेरिकेतील नगरांत अशा समित्या बहुधा रक्तपातानंतर जन्मास आल्या. १९१९ च्या जुलै महिन्यात शिकागो येथे वर्णीय दंगल उसळली व तीत ३८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर इलिनॉय राज्याचे गव्हर्नर फ्रँक लाउडन ह्यांनी सहा गोरे व सहा कृष्णवर्णीय अशा बारा सदस्यांचा एक आयोग नेमला. त्याचा विस्तृत अहवाल १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या अहवालाच्या सिद्धतेत ज्यांचा मोठा वाटा होता, ते तरुण कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ चार्ल्स एस्. जॉन्सन पुढे आपल्या विषयाशी निकटचा संबंध असलेले पुरुष ठरले.

१९४३ च्या जून महिन्यात डेट्रॉइट येथे झालेल्या दंगलीत ३४ जणांचे प्राण गेले. महायुद्ध चालू होते, युद्धसामग्रीचे कारखाने ह्याच शहरांत होते, आणि दक्षिणेकडून कृष्णवर्णीय कामगारांचा ओघ उत्तरेकडे चालू होता. साहजिकच अनेक महापौरांनी घाईघाईने समित्या नेमल्या. शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क ही त्यांतील ठळक नगरे होत. त्यांची नावे 'वर्णसंबंध', 'ऐक्य', 'मानवी संबंध' अशा धर्तीची असत. 'हक्क' हा शब्द तेव्हा क्वचितच आढळतो. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. संबंध बिघडले तर ते जुळवावयाचे असतात. हक्क हिरावला गेला तर तो परत द्यावयाचा असतो. पहिल्या कामास मध्यस्थ पुरतो, दुसऱ्यास अधिकार लागतो. ह्या आयोगांचा पुढील सर्व इतिहास ह्या दोन कल्पनांमधील ओढाताणीचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३. मिनियापोलिसची स्थिती

१९४० च्या खानेसुमारीत मिनियापोलिसची लोकसंख्या पाच लक्षांच्या किंचित आत होती. नगरात स्कँडिनेव्हियातून आलेल्या कुटुंबांचे व लूथरपंथीय चर्चांचे प्राबल्य होते. कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास होते. एवढ्या अल्प संख्येमुळे आपल्या नगरात वर्णाचा प्रश्नच नाही, असे मानणे प्रतिष्ठितांना सोपे जाई.

वस्तुस्थिती निराळी होती. १९३१ मध्ये आर्थर ली ह्या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्याने नगराच्या दक्षिण भागात घर विकत घेतले, तेव्हा हजारोंच्या जमावाने त्या घराभोवती अनेक रात्री गर्दी केली. १९३६ मध्ये एरिक सेव्हराइड ह्या तरुण वार्ताहराने 'सिल्व्हर शर्ट' ह्या फॅसिस्ट वळणाच्या संघटनेचे शहरातील कार्य वृत्तपत्रातून उघडकीस आणले. ज्यूंना मोटारचालकांच्या मंडळात व व्यापाऱ्यांच्या सेवामंडळांत प्रवेश नव्हता. ज्यू डॉक्टरांना रुग्णालयांत आपले रोगी दाखल करण्याची अनुज्ञा मिळणे इतके दुर्घट होते की, अखेर १९५१ मध्ये ज्यू समाजाला माउंट सायनाय हे स्वतःचे रुग्णालय उघडावे लागले.

१९४६ च्या शरद ऋतूत कॅरी मॅकविल्यम्स ह्या लेखकाने 'कॉमन ग्राउंड' ह्या नियतकालिकात एक लेख लिहून मिनियापोलिस ही अमेरिकेतील ज्यूद्वेषाची राजधानी असल्याचे प्रतिपादन केले. नदीपलीकडील सेंट पॉल ह्या जुळ्या नगरात स्थिती बरीच सुसह्य असताना येथेच असे का व्हावे, असा त्याचा प्रश्न होता. आरोप बोचरा होता. पण तो बाहेरच्याचा होता. बाहेरच्याचा आरोप झटकून टाकण्याची सोय प्रत्येक नगरास असते. ही सोय पुढे नाहीशी कशी झाली, हे आता पाहावयाचे आहे.

४. परिषद आणि पाहणी

१९४५ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री हे चौतिसाव्या वर्षी महापौर झाले. राज्यशास्त्राचे अध्यापन केलेला हा तरुण डेमोक्रॅटिक–फार्मर–लेबर पक्षाचा होता. नोकरीतील भेदभावास बंदी करणारा कायदा नगरसभेकडून संमत करून घेण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न अडून राहिला. तेव्हा १९४६ मध्ये त्यांनी 'महापौरांची मानवी संबंध परिषद' स्थापन केली. हिच्या सदस्यांना वेतन नव्हते आणि कायद्याने दिलेले अधिकारही नव्हते.

अध्यक्षपदी रेव्हरंड रूबेन यंगडाल ह्यांची झालेली निवड लक्षणीय आहे. ते माउंट ऑलिव्हेट ह्या मोठ्या लूथरपंथीय चर्चचे धर्मोपदेशक होते, आणि त्यांचे बंधू लूथर यंगडाल हे रिपब्लिकन पक्षातर्फे त्याच वर्षी राज्याचे गव्हर्नर निवडून आले. म्हणजे ज्या समाजाच्या मौनावर भेदभाव टिकून होता, त्या समाजाच्या मध्यभागी उभा असलेला, आणि महापौरांच्या पक्षाशी ज्याचा संबंध जोडता येणार नाही, असा हा मनुष्य होता. अधिकार नसलेल्या मंडळास वजन कोठून मिळवावे लागते, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

परिषदेने हाती घेतलेले सर्वांत महत्त्वाचे कार्य म्हणजे 'नगराची स्वयंपाहणी'. हिची पद्धती टेनेसी राज्यातील फिस्क विद्यापीठाच्या वर्णसंबंध विभागात विकसित झाली होती, आणि तिचे प्रणेते म्हणजे वर उल्लेखिलेले चार्ल्स जॉन्सन. शिकागोच्या अहवालात जॉन्सन ह्यांनी तज्ज्ञाच्या भूमिकेतून नगराचे परीक्षण केले होते. पाव शतकानंतर त्यांनी स्वीकारलेला मार्ग वेगळा होता. तज्ज्ञांनी प्रश्नावली तयार करावी, मुलाखतीचे शिक्षण द्यावे व आकड्यांची छाननी करावी. परंतु दारोदार जाऊन प्रश्न विचारण्याचे काम त्या नगरातील नागरिकांनीच करावे, असा हा मार्ग होता. मिनियापोलिसमध्ये शेकडो स्वयंसेवकांनी १९४६ ते १९४८ ह्या कालावधीत हे काम केले. नोकरी, निवास, शिक्षण, आरोग्य, कामगार संघ, धर्मसंस्था, समाजकल्याण संस्था, उपाहारगृहे व अन्य सार्वजनिक स्थळे असे पाहणीचे विषय होते. कृष्णवर्णीय व ज्यू ह्यांच्याबरोबरच युद्धकालीन छावण्यांतून सुटून येथे येऊन राहिलेल्या जपानी-अमेरिकनांचाही विचार तीत होता.

ह्या पद्धतीचे मर्म काय? शास्त्रीय काटेकोरपणाच्या दृष्टीने स्वयंसेवकापेक्षा प्रशिक्षित संशोधक केव्हाही बरा. परंतु येथे पाहणीचा हेतू माहिती गोळा करण्यापुरता नव्हता; ती माहिती कोणाच्या पदरी पडावी, हाही विचार तीत होता. एखादी गृहिणी किंवा शिक्षक जेव्हा आपल्याच वस्तीतील पेढीच्या व्यवस्थापकासमोर बसून "आपण कृष्णवर्णीयांना कारकुनी कामावर घेता काय?" असे विचारतो आणि उत्तर स्वहस्ते कागदावर उतरवितो, तेव्हा ते उत्तर त्याला नंतर नाकारता येत नाही. अहवाल परक्याने लिहिला असता तर त्यावर वाद घालता आला असता. येथे वाद घालावयाचा तो स्वतःच्या हस्ताक्षराशी. मॅकविल्यम्स ह्यांच्या आरोपाचे नगराच्या स्वतःच्या ज्ञानात रूपांतर झाले, हे स्वयंपाहणीचे खरे फलित होय.

५. न्याय्य नोकरी आयोग

दरम्यान लोकमत पालटत होते. कृष्णवर्णीयांच्या 'मिनियापोलिस स्पोक्समन' ह्या पत्राचे संपादक सेसिल न्यूमन ह्यांनी १९३४ पासून ह्या प्रश्नाचा सातत्याने पाठपुरावा केला होता. परिषदेच्या उभारणीपूर्वीची ही भूमिका विसरून चालणार नाही. स्वयंसेवी आयोग रिकाम्या भूमीवर उभे राहत नाहीत. जानेवारी १९४७ मध्ये नगरसभेने नोकरीतील भेदभावास बंदी करणारा कायदा मोठ्या बहुमताने संमत केला. शिकागोने १९४५ मध्येच असा कायदा केला होता. परंतु अंमलबजावणीसाठी खास आयोग व शिक्षेची तरतूद ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आणणाऱ्या नगरांत मिनियापोलिसला अग्रमान दिला जातो.

ह्या आयोगाचे सदस्यही अवेतन होते. तक्रार आली म्हणजे चौकशी करावयाची, मालकास बोलावून समजूत घालावयाची, आणि तरीही तो न ऐकेल तर प्रकरण न्यायालयाकडे धाडावयाचे, अशी कार्यपद्धती होती. बहुतेक प्रकरणे समेटानेच मिटली. नगराच्या मध्यभागातील मोठ्या दुकानांत, जेथे कृष्णवर्णीयांना पूर्वी उद्वाहनात किंवा भांडारातच काम मिळे, तेथे विक्रेत्या म्हणून काही कृष्णवर्णीय स्त्रिया ह्या काळात प्रथम दिसू लागल्या. बदल संख्येने लहान होता. परंतु फळीच्या पलीकडे कोण उभे राहू शकते, ह्याविषयीची नगराची समजूत त्याने पालटली.

१४ जुलै १९४८ रोजी फिलाडेल्फिया येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात हम्फ्री ह्यांनी मानवी हक्कांच्या बाजूने जे भाषण केले, त्याच्या पाठीशी हा अनुभव होता. पक्षाने राज्यांच्या अधिकारांच्या सावलीतून बाहेर पडून मानवी हक्कांच्या प्रकाशात यावे, असा त्या भाषणाचा आशय होता. ठराव ६५१½ विरुद्ध ५८२½ मतांनी संमत झाला आणि दक्षिणेकडील काही प्रतिनिधी सभात्याग करून निघून गेले. 'मानवी संबंध परिषदे'पासून 'मानवी हक्कां'पर्यंतचा प्रवास शब्दांच्या पातळीवर तरी दोन वर्षांत पूर्ण झाला.

६. मर्यादा

येथवरच्या हकीकतीवरून ही एक यशोगाथा आहे, असा वाचकांचा समज होण्याचा संभव आहे. तो पुरता बरोबर नाही. पहिली मर्यादा समेटाच्या पद्धतीतच होती. समेट बंद दाराआड होतो. मालकाची प्रतिष्ठा राहते, तक्रारदारास कदाचित नोकरी मिळते, परंतु नगरास त्यातून काहीच कळत नाही. ज्या उघडपणाने पाहणीस बळ दिले, तोच आयोगाच्या नित्य कामात अभावानेच आढळणार, हे उघड आहे. शिवाय तक्रार करण्याचा भार, ज्याला नोकरीची सर्वाधिक गरज, त्याच्याच शिरावर होता.

दुसरी मर्यादा अधिकारकक्षेची. पाहणी निवासाविषयी प्रश्न विचारू शकत होती. आयोग मात्र नोकरीपलीकडे जाऊ शकत नव्हता. मिनियापोलिसमध्ये १९१० पासून अनेक खरेदीखतांत ती मालमत्ता कृष्णवर्णीय वा अन्य वर्ज्य ठरविलेल्या व्यक्तींस विकू नये, अशी अट घातली जात असे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करता येणार नाही असा निर्णय दिला, आणि १९५३ मध्ये मिनेसोटाने अशा नव्या अटींवर बंदी घातली. तोवर नगराचा नकाशा ठरून गेला होता. उत्तर भागात ज्यू व कृष्णवर्णीय हे दोन्ही वर्ज्य समाज शेजारी शेजारी राहत होते. युद्धोत्तर काळात ज्यूंपुढील अडथळे कमी झाले व त्यांतील पुष्कळ कुटुंबे सेंट लुइस पार्क ह्या उपनगरात गेली. कृष्णवर्णीयांना ती वाट मोकळी नव्हती. दुकाने मात्र जुन्या मालकांकडेच राहिली. १९६७ च्या जुलैमध्ये प्लिमथ रस्त्यावर उसळलेल्या उद्रेकात ज्यू व्यापाऱ्यांची दुकाने जळाली. वीस वर्षांपूर्वी एकाच पाहणीत, एकाच अन्यायाचे भागीदार म्हणून ज्यांची नोंद झाली, ते दोन समाज ह्या रस्त्यावर परस्परांसमोर उभे ठाकले. ह्याहून दुःखद भाष्य अपुऱ्या राहिलेल्या कार्यावर दुसरे कोणते असू शकेल?

तिसरी मर्यादा पोलिसांविषयीची. हम्फ्री ह्यांच्या कारकीर्दीत पोलिसांना मानवी संबंधांविषयी शिक्षण देण्याचा उपक्रम झाला. परंतु शिक्षण देणे आणि उत्तरदायी धरणे ह्यांत अंतर आहे. २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड ह्यांचा ह्याच नगरातील पोलिसाच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतर राज्याच्या मानवी हक्क विभागाने चौकशी करून एप्रिल २०२२ मध्ये नगराच्या पोलीसदलात वर्णभेदाची प्रथा असल्याचा निष्कर्ष काढला. येथे चौकशी करणारे स्वयंसेवक नव्हते, वेतनभोगी शासकीय अधिकारी होते. कागदपत्रे मागण्याचा अधिकार असल्याखेरीज काही सत्ये हाती लागत नाहीत, ही गोष्ट ह्यावरून स्पष्ट होते.

७. समारोप

तर मग स्वयंसेवी आयोग निरुपयोगी ठरतो काय? आमच्या मते नाही. २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 'मॅपिंग प्रेज्युडिस' हा उपक्रम सुरू झाला. जुन्या खरेदीखतांतील वर्णनिर्बंधक अटी वाचून त्यांची नोंद करण्याचे काम त्याने सामान्य नागरिकांकडे सोपविले. त्यांतील कित्येकांनी ज्या भागांची कागदपत्रे वाचली, तेथेच ते राहत होते. एकट्या मिनियापोलिस शहरात अशा आठ हजारांहून अधिक मालमत्ता आढळल्या. ज्या प्रश्नापाशी १९४८ मध्ये स्वयंपाहणी थबकली होती, तेथपर्यंत नागरिकांचा हात सुमारे सत्तर वर्षांनी पोहोचला, आणि पद्धती मूलतः तीच होती.

ह्या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित पण महत्त्वाचा आहे. अवेतन नागरिकांचा आयोग न्याय देऊ शकेलच असे नाही. त्यासाठी कायदा, अधिकार आणि द्रव्यबळ लागते. परंतु नगरास आपल्या अन्यायाविषयी अनभिज्ञ राहू न देणे, हे काम तो अन्य कोणत्याही संस्थेपेक्षा अधिक खोलवर करू शकतो. जे मोजले गेले, ते मिनियापोलिसमध्ये काही अंशी सुधारले. जे मोजले गेले नाही, किंवा मोजूनही कोणाच्या अधिकारात आले नाही, ते दोन पिढ्यांनी व्याजासह परत आले. नगरांच्या इतिहासकाराने हिशेबाची ही दुसरी बाजूही नजरेआड होऊ देऊ नये.