प्लेगाच्या दिवसांतलं मांजर

आमच्या आजीच्या लेखी मांजर म्हणजे घरगडी. संध्याकाळी दूधभाताचा घास हाच त्याचा पगार. पोट भरलं तर उंदीर कोण धरणार, असा तिचा रोकडा हिशेब. पिल्लू आणायचं ते अंगावरचं दूध सुटल्यावर, तेही पोत्यात घालून, म्हणजे परतीची वाट कळायला नको. आल्यावर कणगीच्या खोलीत कोंडायचं. लाडाचं नाव ठेवायची चालच नव्हती.

आता आमच्या हुबळीजवळच्या रायापूरच्या घरी नातीनं पिल्लू आणलंय. कन्नड शेजारणीची ‘बेक्किन मरी’ (मांजराचं पिल्लू), आमची ‘मनी’. गाईचं दूध पाजू नका, पोट बिघडतं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं. जंताचं औषध झालं, लशीची तारीख मिळाली. रेतीचा ट्रे बाल्कनीत ठेवलाय. हे कौतुक बघताना आजीचा कडकपणा आठवतो. तो नुसत्या कंजुषीतून आलेला नव्हता.

तिच्या पिढीला प्लेगाची चाहूल लागायला ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द पुरे होते. घरात मेलेला उंदीर सापडला की चूल विझवायची, धान्य बांधायचं आणि गावाबाहेर रानात झोपडी घालायची. माणसं गेली तरी मांजर बहुधा घरातच राहायचं. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओळखला गेला. पुण्यातल्या प्लेग अधिकारी रँडच्या खुनाचं प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा ते इथं पुरे. हुबळीचं मात्र मराठीत कुणी फारसं लिहीत नाही. हुबळीचा धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. हुबळीला सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना होता आणि कापसाची मोठी बाजारपेठ होती. जिथं कापूस तिथं सरकी, आणि सरकीच्या ढिगात उंदरांचं राज्य. १८९८मध्ये प्लेगानं शहर झोडपलं. तेव्हा लॉइमन नावाच्या सरकारी डॉक्टरनं वाल्डेमार हाफकिननं बनवलेली प्लेगाची लस हुबळीकरांना हजारोंनी टोचली. आदल्याच वर्षी हाफकिननं मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर लोकांनी ती घेतलेली पहिली गावं मोजली तर त्यांत आमचं हुबळी येतं. इतर ठिकाणी लोक सुईपासून पळत असताना हे घडलं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमोन्द या फ्रेंच डॉक्टरनं मांडलं, की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि तिच्यातून रोग येतो. बरीच वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. मग हिंदुस्थानातल्या प्लेग आयोगानं १९०५पासून केलेल्या प्रयोगांत तेच निघालं. आता माळवदात आणि कौलांत राहणारा काळा घरउंदीरच आरोपी ठरला, आणि मांजराचा भाव वधारला.

तो वाढवणारा माणूस होता अमरावतीचा सिव्हिल सर्जन, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन. अमरावती म्हणजे पुन्हा कापसाचीच पेठ. या गृहस्थानं वऱ्हाडातल्या गावोगावची मांजरं मोजवली! ज्या गावांत मांजरं भरपूर तिथं प्लेग फिरकत नाही, जिथं कमी तिथं तो ठाण मांडतो, असा त्याचा निष्कर्ष. १९०८मध्ये त्यानं तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला. त्याच वर्षी जपानला गेलेल्या जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीही मांजराचीच बाजू घेतली, आणि तिथं मांजरं पाळण्याची मोहीम निघाली. वऱ्हाडातल्या पाटलाच्या वाड्यातलं मांजर जागतिक वैद्यकाच्या चर्चेत गेलं ते असं.

मला ब्युकॅनन आवडतो, पण त्याचा हिशेब पुरता पटत नाही. जास्त मांजरं असलेलं गाव आणखी कशाकशात वेगळं असेल, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. शिवाय मांजरालाही प्लेग होतो. आजारी उंदीर खाल्ला किंवा त्याच्या पिसवा अंगावर आल्या तर ते स्वतः आजारी पडतं, आणि त्याच्यापासून माणसाला लागण झाल्याची उदाहरणं अमेरिकेत नोंदलेली आहेत. राखणदार म्हणून ठेवलेला गडीच रोग घेऊन अंथरुणात शिरायचा, हे तेव्हा घरातल्या बायांना कोण सांगणार होतं?

हाफकिनची लस, लोकांचं रानात जाणं, मांजरं, उंदरांचे पिंजरे यांतलं कशानं किती राखलं, हे वेगळं काढता येत नाही. प्लेग पुढं दशकानुदशकं येत राहिला. मग हळूहळू ओसरला, आणि पुढं त्यावर लागू पडणारी औषधंही आली. मातीच्या माळवदांच्या जागी स्लॅब आला. कणगी गेली, धान्य डब्यात आलं. मांजराची नोकरी अशी बिनबोभाट संपली. नात मनीला उंदीर धरू देत नाही, डॉक्टरांनीच मना केलंय. परवा मनीनं पालीवर झडप घातली, तर घरभर आरडाओरडा.