जुनी अमेरिकन कलाकांच आणि तिची पारख

एखादी जुनी वस्तु हातीं आली म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम तिच्यावरील नांवाकडे जाते. सनद असल्यास तो शिक्का शोधतो. कांचेचें पात्र असल्यास तें उलटें करून तळ पाहतो. ज्यांनीं मोडी कागद हाताळले आहेत त्यांस ठाऊकच आहे कीं, शिक्का बनावट उठवितां येतो. परंतु कागद, शाई, वळण व मायना हीं चारही एकाच काळचीं जुळवून आणणें फार कठीण. अमेरिकेंत १८८० नंतरच्या सुमारें पन्नास वर्षांत जी शोभेची कांच निर्माण झाली व जिला तिकडील संग्राहक ‘आर्ट ग्लास’ म्हणतात, तिच्या परीक्षेसही हाच न्याय लागू पडतो. प्रथम द्रव्य, नंतर घडण, नंतर लेखी पुरावा व सर्वांत शेवटीं नाममुद्रा असा क्रम ठेवावा, असें प्रस्तुत लेखाचें प्रतिपादन आहे.

मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ईस्ट केंब्रिज येथील न्यू इंग्लंड ग्लास कंपनीच्या जोसेफ लॉक यानें २४ जुलै १८८३ रोजीं ‘अँबेरिना’ कांचेचें पेटंट मिळविलें. हिच्या अंबरी रसांत अल्प सोनें मिसळलेलें असे. पात्र घडविल्यावर त्याचा एकच भाग पुन्हां तापविला म्हणजे तेवढ्या भागांतील सोनें रंग धरी व तो माणकासारखा लाल होई. एक रंग दुसऱ्यांत विरत जातो, मध्यें रेघ कोठेंही नसते, हें हिचें लक्षण होय. उलटपक्षीं अंबरी कांचेवर लाल रंगाचा नुसता लेप दिलेलीं स्वस्त पात्रेंही आढळतात. त्यांचा लाल रंग पृष्ठापुरताच असून झिजलेल्या कडेशीं तो सुटलेला दिसतो. एडवर्ड लिबी यानें १८८८ मध्यें हा कारखाना ओहायोंतील टोलेडो येथें हलविला व १९१७ मध्यें लिबी कंपनीनें अँबेरिना पुन्हां काढली. या दुसऱ्या काळच्या पात्रांवर कंपनीची मुद्रा सांपडते. पहिल्या काळचीं पात्रें बहुधा मुद्रारहितच आहेत. म्हणजे येथें मुद्रेचा अभाव हा दोष नव्हे.

न्यू बेडफर्ड येथील माउंट वॉशिंग्टन ग्लास कंपनीच्या फ्रेडरिक शर्ली यानें डिसेंबर १८८५ मध्यें ‘बर्मीज’ कांचेचें पेटंट घेतलें. तिच्यांत सोन्याबरोबर युरेनियमही असल्यामुळें खालीं लिंबाचा पिवळा व वर गुलाबी असा रंग येई. अतिनील किरणांखालीं ती हिरवट-पिवळी चकाकते. इंग्लंडांतील थॉमस वेब आणि पुत्र या पेढीनें १८८६ मध्यें परवाना घेऊन हीच कांच केली व तिच्या तळावर आम्लानें आपली मुद्रा उठविली. अमेरिकन पात्रांस मात्र कागदी चिठ्ठी लावीत, ती बहुतेक गळून गेली आहे. केवळ चकाकीवर विसंबणाऱ्यानें हेंही ध्यानांत ठेवावें कीं, फेंटन कंपनीनें १९७० पासून काढलेल्या बर्मीज कांचेंतही युरेनियम आहे. किरणांनीं द्रव्य कळतें, काळ कळत नाहीं. काळासाठीं आकार, तळाची झीज व लोखंडी दांडी तोडल्याचा व्रण हे पाहावे लागतात.

नांवाचा घोटाळा किती होतो याचें उत्तम उदाहरण ‘पीच ब्लो’ कांचेचें आहे. मार्च १८८६ मध्यें श्रीमती मेरी मॉर्गन यांच्या संग्रहाच्या लिलावांत चिनी मातीची एक लहान फुलदाणी १८,००० डॉलरांस विकली गेली. तिचा बोलबाला होतांच तिच्या रंगाची कांच निघूं लागली. व्हीलिंग येथील हॉब्स, ब्रॉकुनियर आणि कंपनीच्या पात्रांस आंतून पांढरें अस्तर असून बाहेर पिवळ्यापासून लालापर्यंतचा थर असतो. तोंडाच्या कडेशीं दोन्ही थर निरनिराळे दिसतात. न्यू इंग्लंडची कांच अस्तराविना एकजीव असून पांढऱ्यापासून गडद गुलाबी होत जाते. माउंट वॉशिंग्टनचीही एकजीव, पण तिचा खालचा रंग निळसर राखी. बाजारांत तिहींस नांव एकच. कडेचा बारीक छेद मात्र त्यांस वेगळें करतो.

झळाळी असलेल्या कांचेच्या बाबतींत नाममुद्रेनें सर्वांत अधिक अनर्थ केला. लुई कम्फर्ट टिफनी यांचें ‘फॅव्हराईल’ हें व्यापारचिन्ह १८९४ मध्यें नोंदलें गेलें. फ्रेडरिक कार्डर यांनीं १९०३ मध्यें कॉर्निंग येथें स्ट्यूबेनचा कारखाना काढला व पुढील वर्षीं ‘ऑरीन’ चिन्ह नोंदविलें. टिफनींकडील माजी कामगार मार्टिन बाख यानें १९०१ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरांत ‘क्वेझल’ कारखाना सुरू केला. तिघांच्याही सोनेरी कांचेंत इतकें साम्य आहे कीं, मुद्रा नसलेल्या क्वेझल पात्रावर पुढें कोणीतरी टिफनींचीं आद्याक्षरें कोरल्याचे प्रकार घडले. अशा वेळीं भिंग घेऊन तळ पाहावा. जुन्या झिजेचे ओरखडे अक्षरावरून गेले असल्यास अक्षर आधींचें. अक्षर ओरखड्यांस कापीत गेलें असल्यास तें मागाहूनचें. कागदाच्या घडीवर शाई पसरली आहे कीं नाहीं हें पाहून आपण जो निर्णय करतों, तोच हा. परंतु मागाहूनचें अक्षर म्हणजे नेहमींच लबाडी असेंही नाहीं. कार्डर यांनीं उतारवयांत संग्राहकांनीं आणलेल्या आपल्या जुन्या पात्रांवर स्वहस्तें सह्या केल्या आहेत.

म्हणून लेखी साधनांकडे वळणें प्राप्त होतें. पेटंटांचे मसुदे सरकारी दप्तरांत आहेत व त्यांत रसाची कृति लिहिलेली आहे. टिफनींच्या भट्ट्यांचे व्यवस्थापक आर्थर नॅश यांचे पुत्र लेस्ली यांच्या टिपणवह्या २००१ मध्यें प्रसिद्ध झाल्या. कॉर्निंग येथें १९५१ मध्यें उघडलेल्या कांचसंग्रहालयाचें ग्रंथालय अशीं साधनें जतन करतें. पात्रें व कागद एकमेकांशेजारीं ठेवल्याविना दोहोंचाही अर्थ पुरता लागत नाहीं.

तात्पर्य, क्वेझलच्या तळावर टिफनींचें नांव घालणारा ग्राहकाचे पैसे तर घेतोच, पण बाखच्या भट्टीवर ज्यांनीं तो रस फुंकला त्यांचें काम दुसऱ्याच्या खातीं मांडतो. ग्राहकाचें नुकसान एका पिढींत फिटतें. खोटी नोंद एकदां संग्रहाच्या सूचींत शिरली म्हणजे पुढील प्रत्येक सूचि तीच उतरून घेते. यास्तव संग्राहकानें आपल्या नोंदींत ‘मुद्रा अमुक’ व ‘निर्मिति अमुक’ अशीं दोन निरनिराळीं कलमें ठेवावीं, व दुसरें कलम पुरावा मिळेपर्यंत कोरें राहिलें तरी तें घाईनें भरूं नये.