तीन वर्षांचा विद्यार्थी

नरकचतुर्दशीची पहाट म्हटली की उटण्याच्या वासाबरोबर मला आजीचा आवाज आठवतो. अभ्यंगस्नान उरकून आम्ही पोरे फराळाला बसलो की ती एकेकाची हनुवटी धरून विचारी, "दात घासलेस ना रे? आ कर बघू." मगच ताटात लाडू पडे.

आजीला ठाऊक नव्हते, पण तिच्या त्या तपासणीमागे फार जुनी परंपरा होती. सुश्रुतसंहितेत दातवणाची काडी 12 अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी, असे सांगितले आहे. कडू झाडांत कडुनिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ, अशी निवडही दिली आहे. पुढे सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू नालंदेला सुमारे 10 वर्षे राहिला. काडीचे टोक चावून मऊ करावे, त्याने दात घासावेत, मग काडी चिरून तिने जीभ खरवडावी, ही रीत त्याने बारकाईने टिपून ठेवली. हिंदुस्थानात तीन वर्षांच्या मुलांनाही हे शिकवतात, असेही त्याने लिहिले आहे.

पहिलीच्या वर्गाला शिकवणारा मी मास्तर हे वाचून थबकलो. तीन वर्षांच्या पोराला सुश्रुत कोण समजावणार? ते घरच्या मोठ्यांकडे पाहत असेल आणि तसेच करत असेल. माझ्या मते त्या काळची शाळा हीच.

पण पाहून शिकण्याच्या या वाटेने वाईट सवयही तितक्याच सहज घरात येते. आमचे दात तपासून झाले की आजी ओट्यावर बसे आणि कनवटीची डबी काढून मिश्री लावी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि डबीत भरायची, हा तिचा नेम. पाच वर्षांचा असताना मी ती डबी पळवली आणि आजीसारखेच बोट दातांवर फिरवले. डोके गरगरले, उलट्या झाल्या. मला मांडीवर घेऊन ती रडली. डबी मात्र तिला सुटली नाही. पुढे तिच्या गालाच्या आत चट्टा उठला, तो कर्करोगाचा निघाला. शेवटच्या दिवाळीत तिने लाडू वळले. पण तिला स्वतःला एक घासही चावता आला नाही.

1992 साली सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. बंदी योग्यच होती. पण कायदा दुकानातल्या डबीला आवरतो, चुलीवरच्या तव्याला नाही.

आणखी एक चूक घराघरांत होते. दुधाचे दात 20. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे कळतच नाही. किडली तरी "दुधाचीच असेल, पडेल" असे म्हणतात. माझी अशीच गेली. अकराव्या वर्षी ती उपटली, तेव्हा कळले की तिच्या जागी दुसरी येणार नाही.

म्हणून आता दर शनिवारी मी स्वतःचा ब्रश घेऊन शाळेच्या नळावर मुलांबरोबर उभा राहतो. उपदेश करत नाही. नुसते दात घासतो. पहिल्या दिवशी मुले हसली. महिन्याभराने एका मुलीची आई मला म्हणाली, "गुरुजी, पोरगी माझी मिश्रीची डबी लपवून ठेवते हो!" तक्रार होती खरी, पण मला तिच्यात आजीच्या डबीचा हिशेब थोडासा फिटल्यासारखा वाटला.

वाचकहो, फराळ अवश्य करा. दातांना चिकटलेल्या साखरेपासून तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि त्याने दात झिजून किडतात. रात्री झोपेत लाळही कमी सुटते. तेव्हा निजण्यापूर्वी मुलांचे दात घासून घ्या. तीन वर्षांवरच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत आपला हात त्याच्या हातावर असू द्या. आणि हो, त्याच्याशेजारी उभे राहून आपलेही दात घासा. तो तुमच्याकडेच पाहत असतो.